शिंग खाणारी कसर

आईची शाल मी वर्षातून एकदाच बाहेर काढते, जुलैमध्ये. विषुववृत्त इतकं जवळ असताना नैरोबीत लोकर कशाला लागते, असं इथे येण्याआधी मलाही वाटायचं. पण हे शहर जवळजवळ १८०० मीटर उंचीवर वसलंय. जून ते ऑगस्ट आभाळ राखाडी असतं, ऊन दुपारी कधीतरी तोंड दाखवतं आणि सकाळी शिवणयंत्राचं चाक हाताला गार लागतं.

यंदा शाल उलगडली आणि हात तिथेच थांबला. काठापासून वीतभर आत सात भोकं. मोठं भोक करंगळी जाईल एवढं, बाकीची वाटाण्यापेक्षा लहान. घडीत बारीक रव्यासारखे कण होते आणि त्यांचा रंग शालीसारखाच विटकरी. लोकर खाऊन अळीने टाकलेली विष्ठा ती. लोकरीचा रंग तिला पचत नाही, तो तसाच बाहेर येतो. म्हणजे माझ्या आईची शाल रव्याच्या रूपात माझ्या तळहातावर होती. त्या दिवशी मला रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

कसर. आपल्या भाषेत या किड्याला किती नेमका शब्द आहे. कसर लागली, की वस्तू पुरी जात नाही, थोडी थोडी कमी होत जाते. माझा व्यवसायच कापडाचा. घरातल्या एका खोलीत दोन यंत्रं आहेत. ब्लाउज, किटेंगे या इथल्या छापील सुती कापडाचे झगे, कोटांची अल्टरेशन्स अशी कामं मी नऊ वर्षं करतेय. दुसऱ्यांच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून जपते आणि स्वतःच्या कपाटात ती शिरली. त्या महिन्यात मला कोणी विचारलं असतं, की जगातला सगळ्यात नकोसा जीव कोणता, तर मी विचार न करता उत्तर दिलं असतं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आम्ही नैरोबी नॅशनल पार्कला गेलो. १९४६ साली झालेलं हे केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. ११७ चौरस किलोमीटर गवताळ रान, आणि जिराफाच्या मानेमागे शहरातल्या उंच इमारती दिसतात. उद्यानात गाडीतून उतरायला मोजक्याच जागी परवानगी असते. त्यातली एक म्हणजे दक्षिणेकडच्या नदीकाठची हिप्पो पूल्सची पायवाट. तिथे बंदूक घेतलेला रेंजर सोबत येतो. पिवळ्या खोडाच्या बाभळी, त्यांच्यावर माकडं, खाली संथ गढूळ पाणी.

पाणघोड्यांचे नुसते कान दिसले. मुलगा आणि त्याचे बाबा पाण्याकडे बघत उभे राहिले. मी मागे वळले तर बाभळीच्या बुंध्याजवळ रानरेड्याची कवटी पडलेली. हाड उन्हापावसाने पांढरं झालेलं, शिंगं मात्र काळपट, कपाळावर एकमेकांना भिडून दोन्ही बाजूंना वळलेली. आणि त्या शिंगांतून बोटं बाहेर आली होती.

दुसरा शब्द मला सुचला नाही. मातकट रंगाची, किंचित वाकडी, काही माझ्या करंगळीएवढी लांब, काही नुसती पेरभर. कवटीच्या दोन्ही शिंगांवर मिळून मी त्रेचाळीस मोजली. शिंगालाच कोंब फुटावेत तसं ते दिसत होतं. मी नकळत हात पुढे केला.

"हापाना, मामा. उसिगुसे," रेंजर म्हणाला. नको, हात लावू नका.

इथे बाईला 'मामा' म्हणतात. बहिणीला 'दादा' आणि भावाला 'काका'. आल्यावर पहिलं वर्ष मी दर हाकेला मागे वळून बघत असे, की कुठला पुरुष आलाय. आता मामा म्हटलं की मला मीच हाक मारल्यासारखी वाटते, आणि ती हाक मला आवडते.

रेंजरने वाळलेल्या गवताची एक काडी तोडली आणि एका बोटाच्या टोकाला हळूच लावली. ते पोकळ होतं. "न्योंदो," तो म्हणाला. स्वाहिलीत न्योंदो की नोंदो, मी पुन्हा विचारलं. "नोंदो," त्याने सावकाश सांगितलं. म्हणजे पतंग, दिव्याभोवती फिरणारा तो. पिंपळाच्या पानाएवढे पतंग मी आफ्रिकेत पाहिलेत, खिडकीला धडकले तर आवाज होतो. हा तसला नसणार, नळीचं तोंडच जेमतेम पेन्सिलीएवढं होतं.

काडी लागल्यामुळे असेल, शिंगाच्या मुळाशी एका खाचेतून काहीतरी धावत बाहेर आलं. उडालं नाही, धावलं. वीतभर अंतर गेलं आणि शिंगावरच बसलं.

माझ्या पर्समध्ये कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग कायम असतं. इंचात किती ताणे, किती बाणे हे त्यातून मोजायचं. मी रेंजरकडे पाहिलं. हात मागे ठेवा, डोळे पुढे न्या, असं त्याने खुणेने सांगितलं. मी गुडघ्यावर बसले, भिंग अधांतरी धरलं आणि श्वास अडवला.

नुसत्या डोळ्यांना तो पतंग म्हणजे वाळक्या गवताचा तुकडा होता. अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा नाही. पंख घराच्या छपरासारखे अंगावर मिटलेले. रंग विचाराल तर मी गिऱ्हाइकाला सांगताना 'मळका बदामी' म्हटलं असतं, आणि त्या रंगाचा धागा माझ्याकडे पडूनच राहतो, कोणी मागत नाही.

भिंगातून तो रंग एकच नव्हता. पंखांवर खवले होते, एकावर एक, कौलांसारखे बसवलेले. पतंगाचा रंग त्या खवल्यांचाच असतो. हात लागला की बोटांना जी पूड लागते ती हीच. खवले काही फिकट होते, काही करडे, काही तपकिरी, आणि तिरपं ऊन पडलं की मधूनच एखादा चमकायचा. चार-पाच रंगांचे धागे एकत्र पिळून विणलेलं ट्वीड लांबून एकरंगी दिसतं ना, तसं. असं कापड स्वस्त नसतं. ते विणणाऱ्याला लांबून काय दिसेल आणि जवळून काय दिसेल, या दोन्हींचा विचार करावा लागतो.

पंखाच्या मागच्या कडेला झालर होती. लांब, बारीक केसांची, वाऱ्याने हलणारी. इतकी नाजूक झालर मी आजवर कुठल्याही कपड्याला लावलेली नाही, लावता येणारही नाही. डोक्यावर केसांचा पिवळट झुबका, विस्कटलेला, झोपेतून उठलेल्या पोरासारखा. त्या झुबक्याने त्या एवढ्याशा जिवाला चेहरा दिला होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्यासारख्या दोन मिशा मागे वळलेल्या. डोळे काळे, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. फुलपाखराला गुंडाळी केलेली लांब सोंड असते, तशी इथे काही दिसली नाही. या कुळातल्या बहुतेकांचं जेवण अळीच्या वयातच उरकलेलं असतं.

मोबाइल भिंगाला टेकवून मी सात फोटो काढले. पाच हलले, दोन बरे आले. मग तो पुन्हा धावला आणि शिंगाच्या सावलीत दिसेनासा झाला. मुलगा म्हणाला, "आई, तू पाणघोडे बघितलेच नाहीस." खरं होतं.

मंगळवारी माझी एक गिऱ्हाईक कोट न्यायला आली. ती नैरोबीतल्या कसारानी भागात कीटकांवर काम करते. तिथे कीटकांच्या अभ्यासाचं एक मोठं केंद्र आहे. थॉमस ओधियाम्बो या केनियन शास्त्रज्ञाने ते १९७० साली उभं केलं आणि त्याच्या आवाराचं नाव आहे डुडूव्हिल. स्वाहिलीत डुडू म्हणजे किडा. कसर ओळखायला मला कसारानीची बाई भेटावी, याचा मला मनापासून आनंद झाला. मी तिला फोटो दाखवले. पतंगाच्या फोटोवर ती फारशी रेंगाळली नाही. नळ्यांचा फोटो पाहिल्यावर मात्र खुर्ची ओढून बसली.

"सेराटोफॅगा," ती म्हणाली. "बहुतेक व्हॅस्टेला. इतके लहान पतंग फोटोवरून नक्की सांगता येत नाहीत. त्यांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली उघडून बघावे लागतात. या नावाखाली आफ्रिकेत आणखीही जाती आहेत. पण शिंग आणि नळ्या म्हटलं की पहिलं नाव हेच."

मग कोट अंगावर घालून बघता बघता तिने आणखी एक वाक्य सांगितलं, आणि माझ्या हातातली टाचणी पडली. हा पतंग आपल्या कपड्यांच्या कसरीच्याच कुळातला. चुलत भावंडंच म्हणायची.

त्या रात्री मी बराच वेळ वाचत बसले. सेराटोफॅगा हा शब्द ग्रीक आहे, केरास म्हणजे शिंग आणि फॅगेन म्हणजे खाणं. व्हॅस्टेलाच्या मागे लॅटिन व्हास्तारे आहे, उजाड करणं, उद्ध्वस्त करणं. योहान ऑगस्ट वालबर्ग नावाचा स्वीडिश निसर्ग-अभ्यासक १८४०च्या आसपास दक्षिण आफ्रिकेत फिरत होता. त्याने जमवलेले छोटे पतंग युरोपात फिलिप क्रिस्टोफ झेलरपुढे आले. झेलर शाळेत शिकवायचा आणि पतंगांवर लिहायचा. १८५२ साली त्याने या पतंगाला नाव दिलं. वालबर्ग पुन्हा आफ्रिकेत आला आणि १८५६ साली हत्तीने त्याला मारलं. त्याच्या नावाचा गरुड केनियाच्या आभाळातही दिसतो, लोकांना तो गरुड माहीत असतो. मला मात्र त्याची आठवण आता या मळक्या बदामी तुकड्यावरून येईल. इतक्या मोठ्या जनावरांच्या देशात एक माणूस वाकून एवढंसं काही वेचतो आणि ते पंख न मोडता, झालर न विस्कटता बोटीने समुद्रापार पोचवतो. हे काम किती हलक्या हाताचं असेल, ते सुईदोऱ्याचं काम करणाऱ्याला विचारा.

आता शिंगाबद्दल. कापड कशाचं आहे ते ओळखायला आम्ही त्याचा धागा काढून पेटवून बघतो. सुती धागा कागदासारखा भुरभुर जळतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. लोकर आक्रसते, जळक्या केसांचा वास सुटतो आणि उरलेला काळा गोळा बोटांत चुरडतो. तो वास गंधकाचा. लोकर, केस, नखं, खूर आणि शिंग ही सगळी केराटिन नावाच्या एकाच प्रथिनाची. त्याचे लांब धागे एकमेकांना गंधकाच्या टाक्यांनी जोडलेले असतात. टाका म्हणतेय ते मुद्दाम. साध्या धावत्या टाक्याने जोडलेलं कापड ओढलं की सुटतं. हे टाके तसे सुटत नाहीत.

म्हणूनच रानात सगळं संपलं तरी शिंग उरतं. सिंह जातो, गिधाडं जातात, सुकलेलं कातडं भुंगेरे कुरतडतात. तरस तर हाडंही फोडून पचवतो. पण त्याच तरसाला केस आणि खुरांचे तुकडे पचत नाहीत, तो ते ओकून टाकतो. तरसाच्या पोटाला न जमलेलं काम ही अळी करते. कपड्यांच्या कसरीवर याचा अभ्यास झालेला आहे. अळीच्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि रस चांगलाच अल्कधर्मी असतो. तिथे आधी गंधकाचे टाके उसवले जातात आणि मग प्रथिनाचे तुकडे होतात. आधी उसवायचं, मग कापायचं. अल्टरेशनच्या कामात मीही हाच क्रम पाळते. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी नुसती बसून राहिले.

आणि त्या नळ्या? अळी शिंगाच्या आत पोखरत जाते. बाहेर डोकावणारी नळी ती स्वतःच्या विष्ठेची बांधते आणि तिला रेशमाने सांधते. बाहेरून भरड, आतून रेशमी. अस्तर लावलेली बाही असते तशी. माझ्या शालीतल्या विटकरी रव्याची मला आठवण झाली. कपाटात मी ज्याला घाण म्हणून झटकलं, त्याच जिनसेचं इथे घर बांधलेलं होतं.

या अळ्या जिवंत जनावरांच्या शिंगांतही राहतात, असं एकेकाळी लिहिलं जाई आणि त्यावर वादही झाले. मरून पडलेल्या जनावराचं शिंग हेच तिचं ठिकाण. तरी लोकांना तसं का वाटलं असेल ते मी समजू शकते. जिवंत रानरेड्याच्या शिंगाचं टोकही आपल्या वाढलेल्या नखासारखंच, कापलं तरी दुखू नये असं असतं. जिवंत अंगावर वाढलेली, पण स्वतः जिवंत नसलेली वस्तू. माझ्या आईची शालही कधीतरी कुठल्या तरी मेंढीच्या अंगावर अशीच होती.

उद्यानातून परतताना आम्ही हस्तिदंत जाळले त्या जागी थांबलो होतो. १९८९ साली राष्ट्राध्यक्ष मोई यांनी तिथे १२ टन हस्तिदंत पेटवले. ३० एप्रिल २०१६ला त्याच उद्यानात १०५ टन हस्तिदंत आणि सव्वा टनाहून जास्त गेंड्याची शिंगं जाळली गेली. तेव्हा मी ते फलक वाचले आणि पुढे गेले. केराटिनबद्दल वाचल्यावर मात्र पुन्हा मनात आलं, की हस्तिदंत म्हणजे दात, पण गेंड्याचं शिंग सगळंच्या सगळं केराटिन आहे. रानरेड्याच्या शिंगात असतो तसा हाडाचा गाभाही त्यात नाही. माझ्या नखात आहे तेच. त्यासाठी माणसं गेंडे मारतात. आता इथे उद्यानातून हाड, शिंग, काहीही उचलून नेता येत नाही. २०१३चा वन्यजीव कायदा कडक आहे. रेंजरने मला हात का लावू दिला नाही ते मला नीट कळलं, आणि त्याने अडवलं याबद्दल मी त्याची आभारी आहे. ती कवटी कोणाच्या दिवाणखान्यात गेली असती, तर त्रेचाळीस घरं तिच्याबरोबर गेली असती.

शाल मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवली. अंडी आणि अळ्या थंडीने मरतात, डांबराच्या गोळ्यांच्या वासापेक्षा हे बरं. हो, मारल्या. पतंगाच्या प्रेमात पडले म्हणून आईची शाल मी त्यांना देणार नव्हते. पण एक बदल झाला. पूर्वी घरात बदामी पतंग उडताना दिसला की मी टाळी वाजवून तो चिरडायची. आता आधी भिंग शोधते. भोकं रफू करायला बसले तेव्हा विटकरी धागा जुळेना. मग पेटीत पडून राहिलेला मळका बदामी काढला. सात ठिकाणी त्या रंगाची जाळी आहे आता. लांबून डाग वाटतो, जवळून विणकाम दिसतं.

नोव्हेंबरमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मी पुन्हा गेले. नदीला पाणी चढलं होतं, गवत गुडघ्याच्या वर आलं होतं. रेंजर दुसरा होता. कवटी शोधायला थोडा वेळ लागला, गवताने अर्धी झाकली होती. डाव्या शिंगाची टोपी हाडाच्या गाभ्यावरून बोटभर पुढे सरकली होती, आणि त्या फटीतून आतली भुसभुशीत, चाळण झालेली बाजू दिसत होती. काही नळ्यांच्या तोंडांतून कोषाची रिकामी सालं अर्धी बाहेर लोंबत होती. या कुळातले पतंग बाहेर पडताना कोष आधी नळीतून पुढे ढकलतात, मग तो फाडून निघून जातात. चहाच्या पाण्याच्या रंगाची, टिश्यू पेपरहून पातळ सालं ती. अकरा मोजली.

पतंग एकही दिसला नाही. मी भिंग काढलं, हात मागे ठेवले आणि वाकून उजव्या शिंगाच्या नळ्या एकेक बघत गेले. टोकाकडून तिसरी नळी बाकीच्यांपेक्षा गडद होती. तिच्या तोंडाशी नुकताच लावलेला थर अजून ओला होता.